अंगणातल्या पाखरांचं दाणापाणी: तुमचे अनुभव लिहा

मंडळी, पाखरांना बाधणार नाही अशा बेताने बारा महिने दाणापाणी कसं सांभाळता? गाव आणि ऋतू सांगून लिहा.

अकोला
मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. तेव्हा दाण्यापेक्षा पाणी मोलाचं. कडुलिंबाखाली मातीचं परळ ठेवते. दोन बोटं पाणी, मधोमध खडबडीत दगड. चिमण्या दगडावर उतरून पितात. साळुंक्या सरळ आत शिरतात, पंख फडफडवतात, की झालं पाणी गढूळ! सकाळ-संध्याकाळ पाणी बदलते आणि परळ काथ्याने खसखसून घासते. नुसतं पाणी ओतून देऊन भागत नाही, कारण डेंगीच्या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहतात.

रत्नागिरी
पावसाळ्यात आम्ही दाणे बंदच ठेवतो. भिजलेली कणी लगेच आंबते, बुरशी धरते आणि ती पाखरांना घातक. तशीही तेव्हा किडे-अळ्यांची चंगळ असते. माझा भर झाडांवर आहे. जास्वंदीवर, केळफुलावर शिंजीर येतो, कढीपत्त्याची काळी फळं बुलबुल फस्त करतात.

पुणे
मूठभर बाजरी आणि राळे, दिवसात संपतील एवढेच. फरसाण किंवा खारी बिस्किटं कृपा करून घालू नका, मीठ त्यांना सोसत नाही. आणखी एक: चिमणी स्वतः दाणे खाते, पण पिल्लांना मुख्यतः अळ्या-किडे भरवते. म्हणून आमच्या कुंड्यांवर औषध फवारत नाही.

मुंबई
खिडकीत दाणे टाकले की कबुतरंच येतात. त्यांच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ फुप्फुसांना बाधते आणि घरात सासूबाईंना दमा आहे. २०२५ मध्ये दादरचा कबुतरखाना बंद केला तेव्हा इमारतीत खूप वाद झाले. मला तो निर्णय पटला.

लेस्टर, इंग्लंड
इथे दाण्यांचे फीडर घरोघरी, त्यामुळे रोगाची भीती मोठी. २००५ पासून ट्रायकोमोनोसिस या घशाच्या संसर्गाने ग्रीनफिंच नावाचे हिरवट पक्षी इतके मेले की २०२१ मध्ये तो पक्षी इथल्या रेड लिस्टवर, म्हणजे सर्वाधिक चिंतेच्या पक्ष्यांच्या यादीत गेला. घसा सुजतो, गिळता येत नाही, आणि चोचीतून पडलेल्या ओल्या दाण्यांतून रोग दुसऱ्याला लागतो. दर आठवड्याला फीडर जंतुनाशकाने धुऊन पूर्ण वाळवते. अंग फुगवून मलूल बसलेला, चोचीभोवती दाणे चिकटलेला पक्षी दिसला, तर निदान दोन आठवडे दाणे आणि पाणी दोन्ही बंद. ब्रश स्वयंपाकघरातला वापरू नका, वेगळा ठेवा.