सैन्य नाही, सत्ता नाही. मग मध्यस्थाचे ऐकायचे कोणी?

प्रश्न: मोझांबिकमधील यादवी संपवणारा करार ४ ऑक्टोबर १९९२ रोजी रोममध्ये झाला. त्याची बोलणी घडवून आणली ती सांत'एजिदिओ या कॅथलिक समुदायाने. ज्यांच्या हाती ना फौज ना तिजोरी, त्यांच्यावर सरकार आणि त्याच्याशी लढणारी बंडखोर संघटना रेनामो या दोघांनीही विश्वास का ठेवावा?

प्रतिसाद १: हाती काही नव्हते, हेच त्यांचे भांडवल होते. एखाद्या परराष्ट्र मंत्रालयाने रेनामोला बोलावले असते, तर ती बंडखोरांना मान्यता ठरली असती. रोमच्या त्रास्तेव्हेरे भागातल्या जुन्या मठात, जुलै १९९० पासून दोन वर्षांहून अधिक काळ समोरासमोर बसताना ती अडचण आली नाही. शिवाय मोझांबिकमधील बैरा शहराचे आर्चबिशप जैमे गोन्साल्व्हेस मध्यस्थांत होते, त्यामुळे देशातली नस त्यांना ठाऊक होती.

प्रतिसाद २: थोडी दुरुस्ती सुचवतो. चार मध्यस्थांपैकी मारिओ राफाएल्ली इटली सरकारचे प्रतिनिधी होते आणि करारानंतर शस्त्रे खाली ठेवून घ्यायला संयुक्त राष्ट्रांचे हजारो सैनिक लागले. याउलट इंडोनेशियातील आचेह प्रांत पाहा: जिनिव्हाच्या आंरी द्युनां केंद्र या खासगी मध्यस्थ संस्थेने डिसेंबर २००२ मध्ये सरकार आणि फुटीर बंडखोर यांच्यात युद्धबंदी घडवली, पण ती मोडणाऱ्याला जाब विचारील अशी ताकद पाठीशी नसल्याने मे २००३ मध्ये पुन्हा लढाई पेटली. आचेहबाबतचा २००५ चा हेलसिंकी करारही फिनलंडचे माजी राष्ट्राध्यक्ष अहतिसारी यांच्या खासगी संस्थेनेच जुळवला. मात्र त्यावर देखरेख युरोपीय संघ आणि आसियान देशांच्या निरीक्षकांची होती. (डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने दोन्ही बाजूंना हादरवले होते, हेही खरेच.)

प्रश्नकर्ता: म्हणजे दार उघडणारा एक आणि उंबरठ्यावर पहारा देणारा दुसरा. राफाएल्लींबद्दल मला माहिती नव्हती, आभारी आहे.