मदत हवी आहे : चेंबर ऑफ कॉमर्सचं (व्यापारी-उद्योजकांच्या संघटनेचं) सदस्यत्व घ्यावं का?

नमस्कार मंडळी. गोव्यात फोंड्याजवळ आमचा घरगुती धंदा आहे, भिरंडांचं (कोकमाच्या फळांचं) आगळ म्हणजे खारवलेला रस, आणि सोलां म्हणजे सुकवलेली सालं. सूक्ष्म-लघु उद्योगाची उद्यम नोंदणी झालीय, एफएसएसएआयचा (खाद्य परवान्याचा) नंबर लेबलावर असतो. सगळं वहिनी बघते. माझ्याकडे हिशेब आणि डिलिव्हरी.

आता मस्कतच्या एका दुकानदाराला आगळ हवंय. तो सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन, म्हणजे माल कुठल्या देशातला त्याचा दाखला, मागतोय. अर्ज डीजीएफटीच्या (केंद्राच्या विदेश व्यापार खात्याच्या) पोर्टलवर करायचा आणि दाखला देणाऱ्या संस्थांमध्ये चेंबर ऑफ कॉमर्सही असतात, एवढं कळलं. पणजीचं गोवा चेंबर १९०८ पासूनचं, पोर्तुगीज अमदानीतलं. पण आमच्यासारख्या चार पातेल्यांच्या धंद्याला तिथे कोण विचारतं का? की मोठ्या कारखानदारांचीच बैठक असते? दाखल्यापुरतं सदस्य नसलं तरी चालतं का?

दुसरी अडचण उधारीची. किनाऱ्यावरच्या एका हॉटेलने पावसाच्या आधीपासून बिल लटकवलंय. फोन केला की ‘अकाउंटंट रजेवर’. कायद्याने सूक्ष्म-लघु उद्योगाला फार तर ४५ दिवसांत पैसे मिळायला हवेत, सरकारच्या पोर्टलवर तक्रारही करता येते. पण तक्रार केली की गिऱ्हाईक गेलंच समजा. अशा वेळी चेंबर किंवा बाजारातली व्यापारी संघटना मध्ये पडून बोलते का? कोणाचा अनुभव?

आणि हो, भिरंडं फोडायला बचत गटातल्या बायका येतात. त्यांना पॅकिंगचं प्रशिक्षण चेंबरमार्फत मिळू शकतं का, तेही सांगा. वार्षिक फी किती पडते ते इनबॉक्समध्ये कळवलंत तरी चालेल. देव बरें करूं.