खून 'गाजतो' का?

मूळ प्रश्न, इंदूर

आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवात यंदा इंदूरच्या इतिहासावर गाण्यांचा कार्यक्रम आहे. भाच्यानं एक कडवं बावला प्रकरणावर लिहिलं. त्यात ओळ आली, 'गाजला तो हत्याकांड'. तालात बसते, चालही छान लागली आहे, पण माझ्या तोंडून ती निघत नाही. एक तर 'हत्याकांड' शब्द इथे बरोबर आहे का? आणि दुसरं, एका माणसाचा खून 'गाजला' असं म्हणावं का?

प्रकरण सगळ्यांना ठाऊक असेलच असं नाही. होळकर दरबारातली गायिका-नर्तकी मुमताज बेगम इंदूर सोडून गेली आणि मुंबईत अब्दुल कादिर बावला या व्यापाऱ्याकडे राहिली. १२ जानेवारी १९२५ च्या संध्याकाळी मलबार हिलवर त्यांची मोटार अडवून बावलांना गोळ्या घातल्या, मुमताजच्या चेहऱ्यावर वार केले. तिकडून जाणारे इंग्रज लष्करी अधिकारी मधे पडले म्हणून तिला पळवून नेता आलं नाही. मुंबई हायकोर्टानं तिघांना फाशी सुनावली. संशय इंदूर दरबारापर्यंत पोचला आणि पुढच्या वर्षी, फेब्रुवारी १९२६ मध्ये, इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर तिसरे यांनी चौकशी आयोगाला सामोरं जाण्याऐवजी गादी सोडली.

उत्तर, पुण्याहून

ताई, 'हत्याकांड' काढाच. मराठीत त्या शब्दाला संख्या लागते. १९७६-७७ मध्ये आमच्या पुण्यात दहा जणांचे खून झाले, त्याला जोशी-अभ्यंकर हत्याकांड म्हणतात, ते ठीक. हिंदीत मात्र एका खुनालाही हत्याकांड म्हणतात, आणि तुमच्याकडे सकाळी दारात हिंदी पेपर पडतो. भाच्याच्या ओळीत हिंदीचं लिंगही आलं आहे. आपल्याकडे 'ते हत्याकांड', 'तो' नव्हे.

मूळ 'कांड' म्हणजे तुकडा, भाग. उसाचं कांडं, रामायणाची सात कांडं. त्याला रक्ताचा वास नंतर लागला.

उत्तर, ग्वाल्हेरहून

बावला हे आडनाव आहे हे गाण्याआधी निवेदनात जरूर सांगा. आमच्या घरातली मुलं हिंदी शाळेतली. त्यांना 'बावला' म्हणजे वेडाच वाटतो, आणि कुणा वेड्यानं खून केला असा समज होतो. मेलेल्या माणसाचं नाव मारणाऱ्याच्या कपाळी जातं.

उत्तर, मुंबईहून

'गाजणे' हे संस्कृत 'गर्ज्'वरून, प्राकृतातल्या 'गज्ज'मधून आलं. समुद्राची गाज तीच, मिरवणूक वाजत-गाजत जाते तेही तेच. हा शब्द फक्त आवाज मोजतो. बरंवाईट बघत नाही. म्हणून गाणं गाजतं, भाषण गाजतं आणि खटलाही गाजतो. चूक काही नाही.

'कुख्यात' मात्र घालू नका. कुख्यात माणूस असतो, दरोडेखोर असतो. कुख्यात खटला हा इंग्रजी बातमीचा उलथा वाटतो.

मूळ प्रश्नकर्ती, इंदूर

सगळ्यांचे आभार. 'हत्याकांड' गेलं. निवेदनात आडनावाचा खुलासा घातला.

'गाजणे'बद्दल मुंबईकरांचं म्हणणं व्याकरणानं पटतं, तरी मन थांबतं. आवाज कोर्टात झाला, वर्तमानपत्रांत झाला. मलबार हिलच्या रस्त्यावर एक तरुण माणूस मेला, त्याला गाजणं म्हणू नये असं मला मनापासून वाटतं. गाणं गाजतं तसाच खूनही गाजला, तर दोन्ही ऐकणाऱ्याच्या करमणुकीचे होतात. हल्ली गुन्ह्यांच्या गोष्टी कानात लावून लोक भाजी चिरतात. मीही ऐकते, म्हणूनच हे जास्त टोचतं. माझ्यापुरतं ठरवलं आहे, खटला गाजला म्हणेन, खून झाला म्हणेन.

आणखी एक हाती लागलं. इथल्या हिंदी पेपरात अधिकाऱ्यावर 'गाज गिरी' असं रोज छापून येतं. तिथे गाज म्हणजे वीज, कोसळणारी. मूळ तेच, गर्जना. राजवाड्यावर १९२६ साली जे कोसळलं त्याला हिंदीतला अर्थ नेमका लागतो.

पण मला खरा शब्द सापडला तो एका अनुस्वाराच्या अंतरावर. गाजणे आणि गांजणे. दुसऱ्याचा अर्थ छळणे, तुकोबांच्या 'रंजले गांजले'मुळे तो घरोघर माहीत आहे. इंदूरला परत यायचं नाही, हे मुमताजनं कोर्टात उभं राहून सांगितलं होतं. एवढ्या गाजावाजात तिचं गांजणं कुणाच्या ध्यानात राहिलं? आमच्या घरी तर तिचं नावसुद्धा कुणी घेत नसे, 'ती बाई' एवढंच.

भाच्यानं ओळ बदलली आहे: 'गाजला तो खटला मुंबईत, गांजली ती इंदुरात.' मात्रा थोड्या वाढल्या, तबलेवाल्यानं त्या ओळीला ठेका सैल सोडला आहे. गाणाऱ्या मुलीला 'गां'वरचा अनुस्वार स्वच्छ लावायला सांगितलं आहे. मागच्या रांगेत दुसऱ्यांदाही 'गाजली'च ऐकू आलं, तर ओळ वाया जाईल.