कुबुंटू-डेस्कटॉप टाकून पाहिला. आता उबुंटूचा मूळ जीनोम जसाच्या तसा परत कसा आणायचा?

खिडकीवाला

मशीनवर उबुंटू २४.०४ आहे, जीनोम ४६ सकट, इन्स्टॉलरमध्ये ‘डिफॉल्ट’ पर्याय निवडलेला. तीन आठवड्यांपूर्वी प्लाझ्मा (जीनोमऐवजी कुबुंटूत असणारा केडीईचा डेस्कटॉप) बघण्यासाठी ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल कुबुंटू-डेस्कटॉप’ दिलं. मध्येच चौकट उघडून डिस्प्ले मॅनेजर (लॉगिनचा पडदा दाखवणारा प्रोग्राम) कोणता असं विचारलं, तिथे एसडीडीएम निवडलं. आता परत जीनोमवर यायचंय. सध्याची परिस्थिती अशी:

– सुरू होताना कुबुंटूचा लोगो येतो, मग एसडीडीएमचा लॉगिन.
– तिथून ‘उबुंटू’ सेशन निवडलं तर जीनोम येतो, पण फॉन्ट, आयकॉन, कर्सर सगळं ब्रीझचं, म्हणजे प्लाझ्माच्या थीमचं. खिडक्यांची बटणंही बदललेली.
– सुपर+एल दाबून स्क्रीन लॉक होत नाही.
– फोल्डर जीनोमच्या ‘फाइल्स’ ॲपमध्ये न उघडता प्लाझ्माच्या डॉल्फिनमध्ये उघडतं.
– ‘ॲप्ट रिमूव्ह कुबुंटू-डेस्कटॉप’ केलं तर एकच पॅकेज गेलं, जागा जवळपास काहीच सुटली नाही. ‘ऑटोरिमूव्ह’ म्हणतं काढण्यासारखं काही नाही.

सगळं पुसून नव्याने टाकायची तयारी नाही. होममधलं काही जाता कामा नये, आणि आयबसमध्ये (टायपिंगची व्यवस्था) लावलेला मराठी इन्स्क्रिप्ट कीबोर्डही.

रात्रपाळी

‘सुडो ॲप्ट पर्ज’ पुढे केडीई आणि फुली (*), प्लाझ्मा आणि फुली. पाच मिनिटांत मोकळे व्हाल.

टर्मिनलतात्या

वरचा उपाय कृपया करू नका. फुली लावली की नावाची सुरुवात जुळणारं सगळं जातं. म्हणजे केडेनलाइव्ह हा व्हिडिओ एडिटर असेल तर तो जाईल, कारण त्याच्याही नावाची सुरुवात केडीईच आहे. आणि केविन, डॉल्फिन, कॉन्सोल, ओक्युलर, ब्रीझ, एसडीडीएम यांची नावं तशी सुरू होत नसल्याने ती मात्र बहुतांशी जागेवरच राहतील. नको ते जाणार, काढायचं ते राहणार.

आज्ञा इथे देवनागरीत लिहितोय. टर्मिनलात रोमनमध्ये टाइप करा आणि पॅकेजचं नाव टॅब दाबून पुरं करून घ्या, म्हणजे स्पेलिंगचा घोळ होणार नाही.

आधी टाइमशिफ्टने (सिस्टमचा बॅकअप घेणारं टूल) स्नॅपशॉट घ्या. तो मूळ सेटिंगमध्ये होम धरत नाही, त्यामुळे होममधली लपलेली .कॉन्फिग डिरेक्टरी वेगळी कॉपी करून ठेवा.

पहिलं काम डिस्प्ले मॅनेजर बदलणं, पॅकेजं काढणं नव्हे. हा क्रम चुकला की रीबूटनंतर काळ्या स्क्रीनवर लुकलुकणारी रेघ बघत बसाल.

सुडो ॲप्ट इन्स्टॉल उबुंटू-डेस्कटॉप-मिनिमल जीडीएम३
सुडो डीपीकेजी-रीकॉन्फिगर जीडीएम३

चौकटीत जीडीएम३ (जीनोमचा डिस्प्ले मॅनेजर) निवडा. नुसतं ‘उबुंटू-डेस्कटॉप’ देऊ नका: २३.१० पासून डिफॉल्ट इन्स्टॉल म्हणजे मिनिमल, त्यामुळे पूर्ण मेटापॅकेज (अनेक पॅकेजं एकदम ओढून आणणारं नाव) दिलंत तर पूर्वी नसलेलं लिब्रेऑफिस वगैरेही येऊन बसेल. ही निवड /इटीसी/एक्स११/डिफॉल्ट-डिस्प्ले-मॅनेजर या फाइलीत लिहिली जाते. ‘कॅट’ करून बघा, तिथे जीडीएम३ चा मार्ग दिसला पाहिजे. मग रीबूट. लॉगिनवर नावावर क्लिक केल्यावर खाली उजव्या कोपऱ्यात दातेरी चाक दिसतं, त्यातून ‘उबुंटू’ निवडा.

लॉकची तक्रार इथेच मिटेल. जीनोमचा स्क्रीन लॉक जीडीएमवर अवलंबून आहे. एसडीडीएममधून जीनोममध्ये शिरलात तर तो चालत नाही. बिघाड नाही, रचनाच तशी आहे.

रीबूटनंतर ग्राफिकल लॉगिन आलाच नाही तर कंट्रोल+आल्ट+एफ३, तिथे लॉगिन करून ‘सिस्टमसीटीएल स्टेटस डिस्प्ले-मॅनेजर’. बहुतेक वेळा तिथे अजून एसडीडीएमच दिसतो. ‘सुडो सिस्टमसीटीएल डिसेबल एसडीडीएम’ करून डीपीकेजी-रीकॉन्फिगर पुन्हा चालवा.

आता ऑटोरिमूव्ह हात वर का करतं ते. मेटापॅकेज म्हणजे नुसती यादी, आत माल नसतो. त्याने ओढून आणलेल्या पॅकेजांना ॲप्ट मुद्दामच ‘आपोआप आलेली’ असं धरत नाही, नाहीतर एखादं मेटापॅकेज चुकून गेलं की पुढच्या ऑटोरिमूव्हला अख्खा डेस्कटॉप गेला असता. /इटीसी/ॲप्ट/ॲप्ट.कॉन्फ.डी मधली ०१ऑटोरिमूव्ह ही फाइल उघडलीत तर ‘मेटापॅकेजेस’ हा विभाग तिथे नावानिशी दिसेल. शिवाय दुसऱ्या कुठल्या पॅकेजने ज्याची नुसती शिफारस केलेली असते तेही ॲप्ट हात न लावता ठेवतं.

म्हणून नेमकी यादी लॉगमधूनच काढायची. त्या दिवशी काय काय आलं ते /व्हार/लॉग/ॲप्ट/हिस्टरी.लॉग मध्ये शब्दशः आहे. ‘ग्रेप -ए ३ कुबुंटू-डेस्कटॉप’ लावा. ‘ए’ मोठ्या लिपीतला. हा लॉग दर महिन्याला बदलतो, तेव्हा मध्ये महिना पालटला असेल तर मजकूर हिस्टरी.लॉग.१.जीझेड मध्ये सापडेल, तिथे ‘झेडग्रेप’ वापरा. ‘इन्स्टॉल:’ ने सुरू होणारी एकच लांबलचक ओळ मिळेल. ती यादी.टीएक्सटी नावाच्या फाइलीत टाका, सुरुवातीचा ‘इन्स्टॉल:’ काढा, मग आधी कंस आणि कंसातलं सगळं काढा आणि त्यानंतरच स्वल्पविराम. उलट केलंत तर कंसातल्या स्वल्पविरामापुढचा ‘ऑटोमॅटिक’ हा शब्द पॅकेजचं नाव म्हणून यादीत घुसतो. नावामागचं कोलन आणि एएमडी६४ राहिलं तरी चालतं.

मग:

एक्सआर्ग्ज -ए यादी.टीएक्सटी सुडो ॲप्ट-मार्क ऑटो
ॲप्ट ऑटोरिमूव्ह --पर्ज -एस

इथला ‘ए’ लहान. ‘-एस’ म्हणजे नुसती रंगीत तालीम, काही काढलं जात नाही. जी यादी छापली जाईल ती नावानिशी वाचा. त्यात जीडीएम३, जीनोम-शेल, उबुंटू-सेशन, नॉटिलस (म्हणजेच फाइल्स ॲप) किंवा नेटवर्क-मॅनेजर दिसलं तर थांबा आणि इथे चिकटवा. जुन्या कर्नलची नावं दिसली तर घाबरू नका, ती तशीही जायचीच असतात.

हे सगळं जीनोममध्ये बसून करा, प्लाझ्मामध्ये बसून नव्हे.

खिडकीवाला

तात्या, जीडीएम आला, लॉकही चालू झाला. यादी काढली. ऑटोरिमूव्ह चालवण्याआधी दोन शंका. केडेनलाइव्ह मी नंतर वेगळा टाकला होता, तो हवाय. आणि कॉन्सोल या केडीईच्या टर्मिनलची सवय झालीय. ही दोन्ही राहतील का? यादीतली सगळी नावं सरळ ‘पर्ज’ला दिली असती तर काय झालं असतं?

टर्मिनलतात्या

सरळ पर्ज दिलं असतं तर केडेनलाइव्ह गेला असता. त्याला लागणाऱ्या केडीई फ्रेमवर्कच्या लायब्रऱ्या आधीच कुबुंटूबरोबर आल्या होत्या, म्हणजे त्या तुमच्या यादीत आहेत; लायब्ररी काढली की तिच्यावर उभं असलेलंही जातं. ‘ॲप्ट-मार्क ऑटो’ करून ऑटोरिमूव्हला पाठवण्याचा फायदा हाच, की अजून कुणाला तरी लागणारं काही हलत नाही. केडेनलाइव्ह तुम्ही स्वतः मागितलेला, म्हणून तो आणि त्याचा गोतावळा राहील. कॉन्सोल मात्र यादीतूनच आलाय, त्याला आधी ‘सुडो ॲप्ट-मार्क मॅन्युअल कॉन्सोल’ करा.

तालमीतली यादी पटली की तीच आज्ञा पुढे सुडो लावून, मागचं ‘-एस’ काढून. शेवटी उरलेल्या कॉन्फिग फाइलींसाठी सुडो ॲप्ट पर्ज '~सी', अवतरणचिन्हांसकट.

लोगोसाठी:

सुडो अपडेट-अल्टरनेटिव्ह्ज --कॉन्फिग डिफॉल्ट.प्लायमाउथ
सुडो अपडेट-इनिट्रामएफएस -यू

पहिल्यात बीजीआरटी (उबुंटूची मूळ लोगो-थीम) निवडा. दुसरी विसरलात तर लोगो जुनाच दिसत राहील, कारण तो इनिट्रामएफएसच्या, म्हणजे मशीन सुरू होताना आधी लोड होणाऱ्या फाइलीच्या, आत बांधलेला असतो.

कर्सरकाकू

पॅकेजं काढायच्या आधी एक थांबा घ्या, तात्यांनी तो सांगितला नाही. प्लाझ्मामध्ये असताना क्रोम किंवा क्रोमियममध्ये पासवर्ड साठवलेत का? हे ब्राउझर चालू डेस्कटॉप बघून चावी कुठे ठेवायची ते ठरवतात: जीनोममध्ये जीनोम-कीरिंग, प्लाझ्मामध्ये केवॉलेट. म्हणून एका डेस्कटॉपवर साठवलेलं दुसऱ्यावर दिसत नाही आणि साइट पुन्हा लॉगिन मागतात. केवॉलेट गेलं की त्या तीन आठवड्यांतले पासवर्ड उघडायची चावीही गेली. तेव्हा एकदा प्लाझ्मामध्ये जाऊन ब्राउझरच्या पासवर्ड मॅनेजरमधून सीएसव्हीमध्ये एक्सपोर्ट करा, जीनोममध्ये येऊन इम्पोर्ट करा आणि ती सीएसव्ही लगेच पुसा, तिच्यात सगळं उघडं लिहिलेलं असतं. फायरफॉक्स स्वतःचा साठा प्रोफाइलमध्येच ठेवतो, त्याला हे लागू नाही.

वायफायचंही तसंच. प्लाझ्मामध्ये जोडलेल्या नेटवर्कचा पासवर्ड ‘फक्त या वापरकर्त्यासाठी’ म्हणून केवॉलेटमध्ये गेला असेल तर जीनोम तो पुन्हा विचारेल. सेटिंग्जमध्ये ते नेटवर्क ‘फर्गेट’ करून नव्याने जोडलं की झालं.

आता रंगरूप. ब्रीझ जीनोममध्ये शिरलं कारण प्लाझ्माचा केडेड हा मागे चालणारा प्रोग्राम दर लॉगिनला जीटीके ॲपसाठी (जीटीके म्हणजे जीनोमची ॲप्स ज्यावर बनतात ते टूलकिट) थीम लिहून ठेवतो, आणि ती जिथे लिहितो त्या जागा जीनोमच्याही आहेत. म्हणून साफसफाई सर्वांत शेवटी. ती करून पुन्हा प्लाझ्मामध्ये डोकावलात तर सगळं परत लिहिलं जाईल.

होममधल्या .कॉन्फिग खालची जीटीके-३.० आणि जीटीके-४.० या डिरेक्टऱ्यांमधली सेटिंग्ज.आयएनआय, जीटीके.सीएसएस, कलर्स.सीएसएस, विंडो_डेकोरेशन्स.सीएसएस, आणि थेट होममधली .जीटीकेआरसी-२.० या फाइली बाजूला हलवा. पुसू नका, एका ‘जुनं’ फोल्डरात टाका. जीटीके-३.० मधली बुकमार्क्स फाइल मात्र राहू द्या, फाइल्सच्या डाव्या पट्टीतले तुमचे फोल्डर तिच्यात असतात. जीटीके-४ ची सीएसएस राहिली तर जीनोमची नवी ॲप्स अर्धी ब्रीझ, अर्धी यारू (उबुंटूची मूळ थीम) अशी दिसतात. बहुतेक लोक नेमकी तीच विसरतात.

मग जीनोमच्या टर्मिनलात, सुडो न लावता:

जीसेटिंग्ज रीसेट-रिकर्सिव्हली ओआरजी.जीनोम.डेस्कटॉप.इंटरफेस
जीसेटिंग्ज रीसेट-रिकर्सिव्हली ओआरजी.जीनोम.डेस्कटॉप.डब्ल्यूएम.प्रेफरन्सेस

पहिलीने थीम, आयकॉन, फॉन्ट, कर्सर. दुसरीने खिडक्यांची बटणं. सुडो लावलंत तर रूटची सेटिंग्ज बदलतील, तुमची नाहीत.

जिकडेतिकडे ‘डीकॉन्फ रीसेट -एफ /ओआरजी/जीनोम/’ असा सरसकट उपाय सांगतात. तुमच्या बाबतीत नको. कीबोर्डची यादी ओआरजी.जीनोम.डेस्कटॉप.इनपुट-सोर्सेस मध्ये असते, ती त्याच झाडाखाली येते आणि इन्स्क्रिप्ट त्याबरोबर जातो. तरी खबरदारी म्हणून आधी ‘डीकॉन्फ डम्प /’ चं आउटपुट एका फाइलीत घेऊन ठेवा. गेलाच तर त्यातली ‘सोर्सेस’ची ओळ बघून जीसेटिंग्ज सेटने परत लावता येतो, आयबस-एम१७एन पॅकेज वापरत असाल तर तिथे एम१७एन:एमआर:इन्स्क्रिप्ट२ असं नाव दिसेल.

फोल्डर फाइल्समध्ये उघडण्यासाठी:

एक्सडीजी-माइम डिफॉल्ट ओआरजी.जीनोम.नॉटिलस.डेस्कटॉप आयनोड/डिरेक्टरी

यात नॉटिलसचा ‘एन’ मोठ्या लिपीत, बाकी सगळं लहान. पीडीएफ, चित्रं वगैरे दुसऱ्याच ॲपमध्ये उघडत असतील तर .कॉन्फिग मधली माइमॲप्स.लिस्ट उघडून ओक्युलर, ग्वेनव्ह्यू असलेल्या ओळी काढा.

प्लाझ्माच्या स्वतःच्या फाइली, म्हणजे केडीईग्लोबल्स, केविनआरसी, प्लाझ्माने सुरू होणाऱ्या सगळ्या, जीनोमला त्रास देत नाहीत. राहिल्या तरी चालतं. फक्त .लोकल/शेअर खालची बालू डिरेक्टरी बघा, ती फाइल शोधण्याची अनुक्रमणिका आहे आणि बरीच फुगलेली असू शकते. प्लाझ्मा वापरायचा नसेल तर खुशाल काढा.

पॅकेजपंडित

पुढच्या वेळी दुसरा डेस्कटॉप बघायचा असेल तर ‘सुडो ॲडयूजर’ने वेगळं खातं काढा आणि त्यातूनच लॉगिन करा. काकूंनी सांगितलेली जवळजवळ सगळी घाण होममधली आहे. ती त्या खात्यातच राहील आणि खात्याबरोबर जाईल. मेटापॅकेजही कुबुंटूचं कशाला? ‘केडीई-प्लाझ्मा-डेस्कटॉप’ला --नो-इन्स्टॉल-रेकमेंड्स लावून टाकलंत तर बराच कमी पसारा येतो. नुसतं बघायचंच असेल तर कुबुंटूचा लाइव्ह यूएसबी पुरतो. फेडोरावर ‘डीएनएफ हिस्टरी अनडू’ आणि व्यवहाराचा क्रमांक दिला की तेवढाच व्यवहार उलटतो, हिस्टरी.लॉग खरवडायची वेळ येत नाही. पण होममधली थीम तिथेही हातानेच साफ करावी लागते.

खिडकीवाला

पासवर्ड आधी हलवले, मग ऑटोरिमूव्ह. केडेनलाइव्ह आणि कॉन्सोल जागेवर, इन्स्क्रिप्ट शाबूत, लोगो उबुंटूचा. एकच उरलंय: काही जुन्या ॲप्सच्या खिडकीवर माउस नेला की कर्सर अजून ब्रीझचा होतो.

कर्सरकाकू

दोन जागा बघा. ‘सुडो अपडेट-अल्टरनेटिव्ह्ज --कॉन्फिग एक्स-कर्सर-थीम’ मध्ये यारू निवडा. आणि होममध्ये .आयकॉन्स/डिफॉल्ट/इंडेक्स.थीम ही फाइल असेल तर उघडून बघा. ‘इनहेरिट्स’ पुढे ब्रीझ लिहिलेलं असेल तर ती बाजूला हलवा. मग लॉगआउट, लॉगिन.

खिडकीवाला

दुसरीच निघाली. झालं.