वह्या तपासून शेरा लिहिते पण पोरं वाचतच नाहीत, तुम्ही काय करता?

पाचवी_ब: नमस्कार मंडळी, जि.प. शाळेत पाचवीला शिकवते, पट 38. वह्यांचा गठ्ठा घरी आणायचा, प्रत्येकीत 'छान', 'अक्षर सुधार', 'सराव कर' लिहायचं आणि दुसऱ्या दिवशी पोरं काय करतात तर मार्क बघतात, शेजारच्याचे किती ते बघतात की वही दप्तरात. तीच चूक पुढच्या आठवड्यात परत. मग लाल पेन झिजवायचं कशाला? उपाय सांगा, पण वेळखाऊ नको प्लीज, ऑनलाइन माहित्या भरण्यातच जीव जातो.

फळा_खडू: ताई, 'सराव कर' वाचून पोरगं नेमकं करणार काय? समजा 402 - 178 चं उत्तर 376 आलंय. म्हणजे प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केलाय, हातचा घेतलेलाच नाही, वरती शून्य दिसला की बरीच मुलं हेच करतात. मी फुली मारून 224 लिहून देत नाही, खाली लिहितो '376 मध्ये 178 मिळव, 402 येतात का बघ'. येतात 554, मग त्याचं त्यालाच कळतं काहीतरी गडबड आहे, तेव्हा खेळातली शंभराची नोट सुटी करायला द्यायची. आणि वही परत दिली की तिथल्या तिथे दहा मिनिटं त्या शेऱ्यावर काम, घरून करून आण म्हटलं की संपलंच.

आकडेमोड: मार्क आणि शेरा एकत्र देऊच नका. रूथ बटलर यांचा 1988 चा अभ्यास आहे, इस्राएलमधल्या पाचवी-सहावीच्या मुलांवरचा, काहींना नुसते मार्क, काहींना नुसता शेरा, काहींना दोन्ही. पुढे गेली ती नुसत्या शेऱ्याची मुलं, दोन्ही मिळालेल्यांना शेऱ्याचा काही उपयोग झाला नाही. आपल्याकडे आकारिक मूल्यमापन (म्हणजे फक्त परीक्षेवर नाही, वर्षभर शिकता-शिकता मुलाची प्रगती बघणं) 2010 पासून आहे, हेतू हाच होता, पण वर्णनात्मक नोंदींच्या पीडीएफ व्हॉट्सॲपवर फिरतात आणि अख्ख्या वर्गाला 'उपक्रमात आवडीने सहभागी होतो' 😅

निवृत्त_बाई: अगं रोज 38 वह्या कशाला? मी दिवसाला सात-आठच घ्यायचे, पण मूल शेजारी उभं करून. दोन मिनिटं बोलून जे होतं ते पानभर लिहून होत नाही. कच्च्या पोराला मात्र सगळ्यांदेखत बोलू नकोस, आणि नुसतं 'हुशार आहेस' पण नको, 'दशकाचा हातचा बरोबर घेतलास, आता शतकाचा बघ' असं काहीतरी सांग.

पाचवी_ब: थँक्यू बाई, थँक्यू सर, उद्या वजाबाकीपासूनच सुरू करते. पण पालक? मार्क दिसले नाहीत की गेटवर हजर, 'मॅडम, वही तपासलीच नाही वाटतं'. आणि केंद्रप्रमुख भेटीला आले की पानापानावर सही-तारीख बघणार.

फळा_खडू: सही-तारीख टाका की, तिला कोण नाही म्हणतंय. मार्क तुमच्या रजिस्टरला ठेवा आणि पालकसभेत एकाच मुलाची आधीची नि नंतरची वजाबाकी समोर धरा. (नाव झाकून हां, नाहीतर वेगळंच रामायण.)