‘पी’ अक्षराची खूण: तिला ‘बिल्ला’ म्हणावे का?

दुसऱ्या महायुद्धात जर्मनीत सक्तीने राबवलेल्या पोलिश मजुरांच्या कपड्यांवर जे ‘पी’ अक्षर असे, त्याला मराठीत ‘बिल्ला’ म्हटलेले वाचले की मी अडखळतो. बिल्ला ही आपल्याकडे बहुधा परवान्याची किंवा अधिकाराची वस्तू आहे. स्थानकावरच्या हमालाचा पितळी बिल्ला, चपराशाच्या पट्ट्यावरचा बिल्ला, स्वयंसेवकाने छातीवर टाचलेला बिल्ला, हे सारे काम संपल्यावर काढून ठेवता येतात.

८ मार्च १९४० च्या जर्मन पोलीस आदेशातली वस्तू तशी नव्हती. टोकावर उभा केलेला, म्हणजे शंकरपाळ्यासारखा दिसणारा चौरस. बाजू ५ सेंटिमीटर, कडेला अर्ध्या सेंटिमीटरची जांभळी किनार, आत पिवळ्या पार्श्वभूमीवर अडीच सेंटिमीटर उंचीचे जांभळे ‘पी’. ती प्रत्येक कपड्यावर छातीच्या उजव्या बाजूला, सतत दिसेल अशी आणि कपड्याशी पक्की जोडलेली असावी, असे आदेशातच म्हटले होते. आदेश मोडणाऱ्याला १५० राइशमार्कपर्यंत दंड किंवा सहा आठवड्यांपर्यंत कैद होती. टाचणीने लावून हवी तेव्हा काढण्याची मुभाच नसलेल्या या कापडाला ‘बिल्ला’ म्हटले, तर त्यातली सक्तीच हरवते.

आदेशाच्या शीर्षकात ‘केन्टलिशमाखुंग’ असा शब्द आहे. त्याचा सरळ अर्थ ‘ओळखू येईल असे करणे’. म्हणून मला ‘खूण’ हा शब्द जवळचा वाटतो. आपण झाडावर, पोत्यावर, गुरांवर खूण करतो, आणि ती करणारा नेहमी दुसराच असतो. ‘डाग’ याहून बोचरा आहे खरा, पण त्यात अनुवादकाचा संताप मिसळतो, आणि ‘ठिगळ’ म्हटले की खाली फाटलेले कापड डोळ्यांपुढे येते. पहिल्या उल्लेखात ‘कपड्यावर शिवलेली ओळखखूण’ आणि पुढे नुसते ‘पी-खूण’ असे लिहावे, असे माझे मत आहे.

मजुरांसाठीच्या शब्दातही तीच काळजी हवी. आदेशातला ‘नागरी कामगार’ हा शब्द जबरदस्ती झाकतो, म्हणून तो अवतरणचिन्हांतच ठेवावा. ‘सक्तमजूर’ म्हटले की आपल्याला न्यायालयाची शिक्षा आठवते, पण या माणसांनी कोणताच गुन्हा केलेला नव्हता. ‘वेठबिगार’ शब्दातून बिनपगारी कामाचा बोध होतो आणि यांना तुटपुंजी का होईना मजुरी मिळे. तरीही ‘वेठीस धरणे’ या प्रयोगातला बळजबरीचा अर्थ इतका नेमका बसतो की मी तोच शब्द निवडेन आणि मजुरीची गोष्ट एका वाक्यात स्पष्ट करेन.

‘खूण’ शब्द पुढेही टिकतो. १९४२ मध्ये सोव्हिएत प्रदेशातून आणलेल्या मजुरांवर ‘ओस्ट’, म्हणजे ‘पूर्व’, असे लिहिलेली निळी-पांढरी आयताकृती पट्टी लादली गेली, तेव्हा आकार, रंग आणि अक्षरे बदलली. तिला ‘ओस्ट-खूण’ म्हणता येते.