एका गोळीमुळे बाबांचा सगळ्याच ॲपवरचा विश्वास उडाला, लेकीचा मात्र तसाच आहे. काय करू?

नमस्कार मंडळी,

थोडं लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

बाबा ७४ वर्षांचे. हृदयाचे ठोके अनियमित पडतात (एट्रियल फिब्रिलेशन), म्हणून सहा वर्षांपासून वॉरफरिन (रक्त पातळ करणारं औषध) चालू आहे. आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा) नियमित तपासतो, त्यांचा २ ते ३ मध्ये राहायला हवा. माझी मुलगी २० वर्षांची. अंगावर साधं पुरळ उठलं तरी ती आधी चॅटबॉटला विचारते आणि मग मला सांगते.

मागच्या महिन्यात बाबांचा गुडघा फार दुखत होता. मी कामावर होते. आजोबांचे हाल बघवेनात म्हणून लेकीने मोबाईलवर विचारलं. तिचा प्रश्न मी नंतर वाचला: 'गुडघेदुखीवर कोणती गोळी चांगली?' एवढाच. उत्तर मुद्देसूद, ठाम. त्यात आयब्युप्रोफेनचं नाव होतं आणि अगदी खाली एक ओळ, इतर औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारा म्हणून. माझ्या पाठदुखीसाठी आणलेली त्याच गोळ्यांची पट्टी घरात होतीच. तिसऱ्या दिवशी सकाळी बाबांच्या औषधांच्या डब्याशेजारी ती पट्टी दिसली, चार गोळ्या कमी झालेली. माझे हातपायच गळाले.

तडक डॉक्टरांकडे नेलं. शौचाला काळी होते का, हिरड्यांतून रक्त येतं का, सगळं विचारलं, हिमोग्लोबिन तपासलं. आयएनआर २.४ आला. मला हायसं वाटलं, पण डॉक्टर म्हणाले, त्यावर जाऊ नका. ही गोळी पोटाच्या अस्तराला इजा करते आणि प्लेटलेट्सचं, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशींचं, काम मंदावते. वॉरफरिनवर असताना त्यामुळे रक्तस्रावाचा धोका वाढतो आणि तो आयएनआरमध्ये दिसत नाही. सुदैवाने काही झालं नाही.

खरी अडचण त्यानंतर सुरू झाली.

बाबांच्या लेखी आता मोबाईलमधलं सगळं एकच, 'ते एआय'. बारा वर्षं ओळखीच्या असलेल्या डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलायलाही तयार नाहीत. बीपीच्या मशीनला जोडलेलं ॲप काढून टाकायला लावलं आणि जुनी वही पुन्हा काढली. वहीबद्दल माझी तक्रार नाही, त्यांचं अक्षर सुरेख आहे. पण ते ॲप मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसायची आठवण करायचं, आणि रीडिंग डॉक्टरांपर्यंत आपोआप पोचायची. परवा पाहिलं तर बाहेरून येऊन लगेच, स्वेटरच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळून मोजत होते. असे आकडे वहीत उतरले तर काय उपयोग?

लेकीचं दुसरंच. आधी खूप रडली. रात्री तिने वय आणि वॉरफरिन घालून तोच प्रश्न पुन्हा विचारला, तर पहिल्याच ओळीत 'डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका' असं आलं. 'बघ आई, त्याला माहीत होतं, मीच विचारायला चुकले.' मला नेमकी याचीच धास्ती वाटते. वॉरफरिनचा उल्लेख करायला हवा हे ज्याला आधीच ठाऊक आहे, त्यालाच बरोबर उत्तर मिळणार. डॉक्टर गोळी लिहून देण्याआधी 'दुसरं काय चालू आहे?' हे स्वतःहून विचारतात.

ती मला २०१८ चं उदाहरण देते. मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्याला झालेली इजा फोटोवरून स्वतः ओळखणाऱ्या प्रणालीला अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना परवानगी देणारी सरकारी संस्था) तेव्हा परवानगी दिली. खरं आहे. पण ती प्रणाली एकाच कामासाठी, रुग्णांवर चाचणी घेऊन मग मंजूर झालेली. कशावरही गप्पा मारणारा चॅटबॉट आणि ती एकाच मापाने कशी मोजायची? जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२४ मध्ये चॅटबॉटमागच्या एआय मॉडेल्सबद्दल मार्गदर्शन काढलं, त्यातही चुकीच्या किंवा अपुऱ्या उत्तरांचा आणि माणसं यंत्रावर गरजेपेक्षा जास्त विसंबतात याचा इशारा आहे. मी ते तिला वाचून दाखवलं. तिने ऐकून घेतलं, पण पटलेलं दिसत नाही.

तर विचारायचं हे: घरातल्या मोठ्या माणसाचा असा उडालेला विश्वास कुणी परत आणला आहे का? मला चॅटबॉट नकोच आहे, फक्त बीपीचं ॲप आणि व्हिडिओ कॉल परत हवेत. आणि मुलांना न दुखावता काय सांगितलंत? ओरडले तर ती यापुढे विचारलेलं लपवेल, ही भीती आहे. आजोबांसाठी धावली ते तिचं प्रेमच होतं.

भर (दुसऱ्या दिवशी): प्रतिसादांबद्दल मनापासून आभार. एकीने सुचवल्याप्रमाणे बाबांची सगळी औषधं, डोस आणि 'रक्त पातळ करणारं औषध चालू' असं मोठ्या अक्षरात एका कागदावर लिहून फ्रिजवर लावलंय. लेकीनेच लिहिलं, बाबांनी डोस तपासून एक आकडा दुरुस्त केला. महिनाभरात दोघं पहिल्यांदाच शेजारी बसले होते. व्हिडिओ कॉलला अजून नकारच आहे. पहिला कॉल डॉक्टरांसमोर, दवाखान्यात बसूनच करून दाखवला तर? असं कुणी केलं असेल तर जरूर लिहा.